घरधन्याचं ताट

हॅलो?

हॅलो… कोण? वैष्णवी? थांब वं, मशीन चालू हाय, काही ऐकू नाही येत… हं. बोल आता.

जय भीम, जय भीम. ते राहू दे. पोटाच्या दुर्बिणीचं काय झालं ते सांग पहिले. सकाळपासून फोन मांडीवर घेऊन ब्लाउज शिवून राह्यली मी. बाह्या उलट्या लागल्या, त्या आता उसवत बसली.

काय?

झाली नाही? झाली नाही म्हणजे? दवाखान्यातली लाइन गेलती का?… मंग डॉक्टर नव्हते?… होते. म्हणजे डॉक्टर होते, मशीन होती, तुया नवरा टेबलावर होता. मंग नव्हतं काय?

अवं हळू कायले बोलतं, मोठ्यानं सांग.

…पोट साफ नव्हतं.

वैष्णवी, म्या तुले फोनवर दोनदोनदा समजावून सांगतलं होतं. आदल्या दिवशी चावाचं काहीच नाही. गाळलेलं लिंबूपाणी, नारळाचं पाणी, कोरा चहा, बस. आन संध्याकाळी ते पावडर पाण्यात घोळून पूर्ण प्यायाचं. आतडं घासल्या पितळी गंजावानी लख्ख पाहिजे. घाण असली त डॉक्टरले आतमधलं काय दिसन? कप्पाळ?

पेला ना तो औषध?… अर्धं. अर्धं कायले?… आन उरलेलं?

मोरीत.

थांब. एक मिनिट थांब. मी पाणी पितो.

हं. आता सांग, मोरीत काहून ओतलं… कोण पाहुणे?… एकच संडास हाय हे मले माहीत हाय, तुया घरी मी राह्यली हाय. घरात पाहुणे मुक्कामी, हा घडीघडी डबा घेऊन पळन त पाहुणे विचारतीन. बरं. पण पाहुणे कोण?

महागावचे. म्हणजे कोण महागावचे? आपलं त महागावले कोणी नाही.

…समीक्षाले पाहायले?

वैष्णवी, समीक्षाले पाहायले पाहुणे आले, मुक्काम करून गेले, आन मले आज समजून राह्यलं? मी तिची आत्या होय का शेजारीण? दारव्ह्याले यायले मले बसनं किती वेळ लागते? तिच्या बारशाले नाव कोणी ठेवलं? म्या ठेवलं.

नाही, घाईघाईत ठरलं म्हणू नको. घाईघाईत मटण शिजत नाही.

हो, मटणच केलं असन, मले काय माहीत नाही का… आन यानं खाल्लं. मांडी घालून, भाकर चुरून खाल्लं.

हो, हो… अवं ऐक ना. मले शिकवू नको. घरधनी ताटावर बसल्याबिगर आपल्याकडे पाहुणे घास तोडत नाहीत, हे मी लहानपणापासून पाह्यलं हाय. अंगात ताप असला तरी बाबा बसत. मी त्याले नाही म्हणत नाही. पण तोंड होतं ना? दवाखान्याचं काम हाय, डॉक्टरनं बंद सांगतलं हाय, एवढं सांगता येत नव्हतं?

काहून नाही येत?… काय म्हणतीन ते?

काय म्हणतीन, वैष्णवी?

'कॅन्सरचं घराणं.'

हा शब्द कोणाचा होय? तुया का त्याचा?… बरं. त्याचा. मंग आता हे सांग, मायं काय सांगतलं त्यायले? विचारलं त असनच ना, पोरीची सख्खी आत्या काहून नाही दिसत म्हणून… मी विचारून राह्यली ना वं, सांग.

गर्भाची पिशवी काढली.

वा. वा बाप्पा.

ऐक. मायी गर्भाची पिशवी जाग्यावर हाय. मले कॅन्सर झालता, मोठ्या आतड्याचा. सांगाले तुमची जीभ जड होत असन त मी सांगतो, मायी नाही होत. आतड्याचा तुकडा कापून काढला, संडाससाठी पोटावर पिशवी लावली, ते घेऊन मी बाजारात गेली, लग्नाकार्यात गेली, याच मशीनवर बसली. किमो घेतले. त्या किमोनं बोटं अशी बधिर झाली का सुई टोचली तरी समजत नाही, कापडावर रक्ताचा डाग दिसला का मंग समजते. तरी शिवतो. गिऱ्हाइकाच्या मुंज्याची… जाऊ दे, तोंडातून शिवी येते. यात लपवासारखं काय हाय? म्या कोणाची चोरी केली का?

तुले नाही म्हणत. तू कायले रडतं. तुले म्हणून काय फायदा.

कोण खोकलून राह्यलं तठी?

स्पीकर लावला का? प्रफुल्ल ऐकून राह्यला?… दे त्याले. दे म्हणतो ना.

हं. प्रफुल्ल. पहिले तोंडातला तंबाखूचा खर्रा थुक, मंग बोल. डॉक्टरनं तेही बंद कराले सांगतलं होतं… थुकला?

काय हाय तुले?… मूळव्याध. कोण म्हणते? बाजारातला तो पुडीवाला? त्यानं कुठून पाह्यलं, डोयात पाहून सांगतलं?… नाडी धरून. बरं. तू मोटार वाइंडिंग करतं ना रे? जळलेली मोटार घेऊन गिऱ्हाईक आलं का तू काय म्हणतं त्याले? खोलल्याबिगर काही सांगता येत नाही भाऊ, म्हणतं का नाही? मंग बोअरच्या मोटारले जो इमान हाय तो सोताच्या पोटाले काहून नाही?

असन, मूळव्याधही असन. असली त मी पेढे वाटीन. पण रक्त दोन्हीतही जाते, बाप्पा. वरून कोणालेच समजत नाही. आन तुयं नुसतं रक्त नाही. वजन उतरलं, पँट घसरून राह्यली. कधी चार दिवस पोट बांधल्यावानी, कधी घडीघडी पळणं. मायंही असंच होतं. म्याही इसबगोल खाऊन खाऊन वर्ष घालवलं. मायं ऑपरेशन झालं तवाच डॉक्टरनं तुया तोंडावर सांगतलं होतं, सख्ख्या भावानं चाळिशी झाली का दुर्बीण करून घ्याची, त्रास असो का नसो. तू मान हालवली होती. मी बेडवरून पाह्यलं होतं.

अरे ऐक… पिशवीचं भेव नको दाखवू मले. मलेच. सगळ्यायले लागत नाही. मले लागली, मंग आतडं जोडलं, पिशवी गेली. आन लवकर पाह्यलं त कापाकापी लागतच नाही. पहिले आतड्यात मटराएवढा कोंब येते. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्ष तसाच बसून राह्यते. तवाच दिसला त डॉक्टर त्या दुर्बिणीतूनच खुडून टाकते, माणूस संध्याकाळी घरी. नाही पाह्यलं त मंग मायासारखं. त्याहीपेक्षा उशीर केला त…

काय म्हटलं?

परत म्हण.

'मे महिन्यात लगन झालं का करतो.'

…

नाही, लाइन हाय. मी अठीच हाय.

प्रफुल्ल, माय बसली हाय का तठी?… आंगणात हाय. बरं हाय, तिले नको बोलावू. हे वाक्य तुयं नाही. हे बाबाचं वाक्य होय. 'शीलाचं लगन होऊ दे, मंग नागपूरले दाखवतो.' तू लहान होता, तुले काही समजत नव्हतं. मलेही समजलं नाही. मायले माहीत होतं. बाबाचं धोतर माय उजाडाच्या आंधी विहिरीवर धुवे, कोणाले डाग दिसू नये म्हणून. मायं लगन झालं. विहारासमोर मांडव टाकला, सारा गाव जेवला, नागोराव म्हणजे काय माणूस म्हणून लोकायनं बाबाची तारीफ केली. आन बाबा पाहुण्यायच्या पंगतीत बसून हसत हसत जेवले. दुसऱ्या साली कापूस घरात आला तवा बाबा नव्हते.

लोक काय म्हणले? मूळव्याधीनं गेला. मूळव्याधीनं माणूस मरते का रे, प्रफुल्ल?

मले हे कवा समजलं सांगू? माया ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. डॉक्टरनं विचारलं, घरात कोणाले होतं का. मी नाही म्हणली. मायनं पदर तोंडात कोंबला. तवा समजलं.

आन मले तवापासून राग येते. बाबाचा राग येते. मेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, मी करतो. रोज करतो. मायं लगन मोडलं असतं त काय आभाळ पडलं असतं? मी बिनलग्नाची राह्यली असती, शिवणकाम करून जगली असती. मले नवरा भेटला, संसार भेटला, सारं भेटलं. पण मले बाप पाहिजे होता. कोणी मले विचारलं का, शीला, तुले लगन पाहिजे का बाप पाहिजे?

तू विचारलं का समीक्षाले?

…बोल ना. विचारलं का?

प्रफुल्ल?… हॅलो? फोन खाली ठेवून गेला का हा माणूस…

हॅलो… कोण? समीक्षा?

तू कवापासून हाय तठी बाई?… सगळं ऐकलं. अर्रे. तुया बाबा कुठी हाय?… दारात, पाठ करून. बरं. राहू दे त्याले तसाच.

नाही वं पोरी, तुयामुळे नाही. तुया काहीच कसूर नाही यात… हं… हो, विचार ना. आत्याले विचारायले भेव काहून?

…

'मलेही तपासावं लागन का', हेच विचारलं ना तू?

खरं सांगतो. या घरात आता कोणीतरी खरं सांगतलं पाहिजे. हो, लागन. आज नाही, भेऊ नको, तुये दिवस हसाखेळाचे हाय. पण बाबाले हाय का नाही, असला त कोणत्या वयात निंघाला, त्यावरून डॉक्टर सांगतीन तुयी कवापासून पाहाची. बाबाचं पाह्यलंच नाही त तुयं कायच्यावरून सांगतीन? तो जे मोरीत ओतून आला ना, ते त्याच्या एकट्याचं औषध नव्हतं. त्यात तुया वाटा होता.

हे बाबाले ऐकू गेलं ना?… गेलं. चांगलं झालं.

काय?… कोणाले सांगतलं?

महागावच्या पोराले? तुयाजवळ त्याचा नंबर हाय?… अच्छा. आपली पोरगी पुढं हाय म्हणायची… आत्ता? मी बोलत होती तवा? काय लिहिलं तू?… वाच.

…'मायी आत्या कॅन्सरमधून बरी झाली. आजोबा बहुतेक त्यानंच गेले. बाबाची तपासणी बाकी हाय. तुमाले सांगतलं नव्हतं, ते चूक झाली.' 

एवढंच?… एवढं बस झालं. वाचलं त्यानं?… निळं झालं. आन उत्तर?

नाही आलं.

येईन. नाही आलं त तेही उत्तरच होय पोरी, वेळेवर भेटलं म्हणायचं. नाही, मी रडून नाही राह्यली. मशीनचं तेल डोयात गेलं.

दे बाबाले. हाताले धरून आण, फोन कानाले लाव त्याच्या.

प्रफुल्ल. पोरीनं सांगून टाकलं. आता तुयाजवळ लपवाले काहीच नाही राह्यलं, ताट नाही, पाहुणे नाही. गुरुवारची वेळ मी डॉक्टरकडून मागून घेतो. बुधवारी सकाळच्या बसनं मी येतो.

कायले म्हणजे? पाहुणी म्हणून येतो. ज्या पाहुणीले बोलावलं नाही, ते येते आता. वैष्णवीले सांग, सयपाक कर. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, वरून तेलाची धार. माया समोर ताट वाढ. आन तू माया समोर बस, कोऱ्या चहाचा कप घेऊन.

मी?… मी कशी जेवीन? घरधनी जेवल्याबिगर पाहुण्यानं ताटाले हात लावाचा नसते ना? का ते फक्त महागावच्या पाहुण्यायसाठी होतं?

तू उपाशी, त मीही उपाशी. औषधाचा जग दोघायच्या मधात ठेवू. तो खाली होत नाही तोवर मी जाग्यावरून उठत नाही. मोरीच्या तोंडाशीच बसतो, पाहू कसा ओततं… संडास एकच हाय त तू जा ना, मले काय घाई हाय.

आन गुरुवारी दवाखान्यातून निंघालो का दोघं संग जेवू. मंग काहीही निंघो आतून. तवा मी तुले वाढीन.

…

नाही, तू बोल, मी ऐकून राह्यली…

भेव वाटते. हो रे. माहीत हाय मले. मलेही वाटते. तुया फोन आला का मायं काळीज तोंडाशी येते, म्हणून त मी एवढी बोंबलतो.

काय?… माया पोटाले उपास जमन का?

मायं पोट चांगल्यानं पाह्यलं हाय डॉक्टर लोकायनं, प्रफुल्ल. आता तू तुयं दाखव.

ठेवतो.