टाक्याविना बूट

तळ निघालेला बूट हातात धरून शाळकरी मुलगी एका पायावर रांगेत उभी होती. कान मात्र टवकारलेले. पुढची बाई बूट शिवणारीशी, म्हणजे आपल्या नणंदेशीच, बोलत होती.

“वन्सं, तळ निघाला हो.”

“निघणारच! तुमच्याच कारखान्याचा ना? परदेशी जाणारा दिमाखदार माल!”

“हल्ली टाके नसतात. नुसतं चिकटवतो आम्ही.”

“असतील कसे? टाके घालणारी इथे फुटपाथवर बसलीये!”

“तिकडच्या व्यापाऱ्याने भाव पाडला. मालक तरी काय करणार?”

“अहाहा, काय तो मालकाचा कळवळा! स्वतःची गाडी नाही विकली त्याने, माझी सुई बंद केली.”

“आमचाही पगार कापलाय हो. वर माल परत आला की शिव्याही आम्हालाच.”

“मग आता?”

“आता काम दुसऱ्या देशात नेणार म्हणे. तिथे मजुरी आणखी स्वस्त.”

“वा! तिथे थुंकी लावून चिकटवतील.”

“वन्सं... मला शिकवाल टाका?”

“बसा इथे. बूट असेच उचकटत राहिले, तर मी एकटी कुठे पुरी पडणार?”

मुलीने आपला बूट पुढे केला. नणंदेने तो भावजयीच्या हातात दिला.

“घ्या वहिनी, करा सुरुवात. हाही तुमचाच दिसतोय!”