मुळासकट

निकिता : मावशी, मी एवढंच विचारलं, हनुवटीवरचे केस गेले कुठं?

सिंधुबाई : गेलं न्हवं? मग ब्येसच झालं की, मॅडम. त्येच्यापायीच तर चार महिनं वरकुट्यास्नं बारामतीला हेलपाटं घालतोय.

निकिता : ते लेझरनं जायला हवे होते. हे कुणी काढले?

मनिषा : आईनं. काल दुपारी, चिमटा घिऊन.

निकिता : दर वेळी सांगते ना मी? आदल्या दिवशी फक्त रेझर फिरवायचा. उपटायचं नाही.

सिंधुबाई : लगीन बारा दिसांवर आलंय, आन नवरीच्या तोंडावर वस्तरा? मांडवात न्हावी बशीवते की मग!

मनिषा : मी सांगत हुते. माझं डोकं मांडीत दाबून धरलं, हलूबी दिलं न्हाय.

सिंधुबाई : माझ्या सासऱ्याची दोनशे मेंढरं हुती. कातरली की लोकर आणिक दाट येती, ह्या डोळ्यांनी बघितलंय.

निकिता : मावशी, ही मेंढी नाही.

सिंधुबाई : मेंढीला स्थळ बघावं लागत न्हाय.

मनिषा : आई!

निकिता : लेझर केसातूनच मुळापर्यंत जातो. केसच नाही, तर मशीन मारू कशावर?

सिंधुबाई : भोकं हायती की. त्येच्यात मारा.

निकिता : नाही होत. केस परत येऊ देत. पाच आठवड्यांनी या.

सिंधुबाई : पाच? तवर ही जळोचीला नांदत असंल!

निकिता : मग जवळच झालं. रिक्षानं येतील त्या.

सिंधुबाई : आन सासूला काय सांगून येईल? आमी गावात दातांचं काम सांगितलंय. आता त्येबी सरलं. दात बत्तीसच असत्यात.

निकिता : खरं सांगायचं.

सिंधुबाई : खरं? पहिल्या पाव्हण्यांनी हिच्याकडं बघितलं, भरली कपबशी खाली ठिवली आन उठलं. त्यानंतर तीन सालं गेली बाई, ही सोयरीक जमवाया.

मनिषा : ते नको काढू आता.

निकिता : बरं, पुढची तारीख टाकते. फोन नंबर आईंचाच राहू दे ना?

मनिषा : न्हाय. नागेशचा लिवा.

सिंधुबाई : नवऱ्याचा? डोकं फिरलं का तुझं?

मनिषा : त्येला समदं ठावं हाय. सुपारी फुटायच्या आधीच सांगितलं मी.

सिंधुबाई : मग... काय म्हणला?

मनिषा : म्हणला, माझी पाठ अजून बघितली न्हाईस तू.

(मनिषा मोबाईल पुढं करते. निकिता नंबर लिहून घेते.)

सिंधुबाई : आन मला का न्हाय सांगितलंस?

मनिषा : सांगणार हुते. पर तू सकाळी उठल्या उठल्या माझ्या हनुवटीकडं अशी बघायचीस, की मलाच वाटायचं, त्यो उगं म्हणला असंल.

सिंधुबाई : ...बोटं लई दुखाय लागल्यात गं. कालधरनं.

मनिषा : आण हिकडं. चोळते.