न उघडता लावलेली लाल पाटी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, पंप दुरुस्ती विभागातले माझे सोबती, आणि पहिल्या रांगेतून आत्ताच डोळे वटारणारी माझी ताई,

या निरोप समारंभात आपण सगळे माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात की मी हळूच स्वतःची नाडी चाचपून पाहिली. चालू आहे. हसा, हसायला हरकत नाही.

गेल्या वर्षी ताईने मला आपली एक किडनी दिली. ती पहिल्याच दिवशी कामाला लागली. चौथ्या दिवशी माझ्या हृदयाने दगा दिला. ठोके बेताल, फुप्फुसांत पाणी. फोरमन भेटायला आले नि म्हणाले, "लेका, जन्मभर पंप दुरुस्त केलेस आणि स्वतःचाच बिघडवलास?" ताई म्हणाली, "हसवू नका हो, टाके मलाही आहेत."

सात महिने गेले. परवा डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या पाहून लिहून दिलं : वजन उचलू नये, बाकी काम करावं. तोवर इथे फलकावर माझ्या निवृत्तीचं पत्रक लागलेलं. म्हणे 'स्वेच्छेने'. कोणाच्या? मला तर कुणी विचारलंच नाही.

आपल्या विभागाचा नियम आहे. ज्याने पंप स्वतः उघडून पाहिला नाही, त्याने त्यावर भंगाराची लाल पाटी लावायची नाही. साहेब, हा नियम मोडला म्हणून तुम्हीच मला एकदा सगळ्यांदेखत झापलं होतंत. बरोबरच केलंत. मग माझे तपासणीचे कागद न उघडता माझ्यावर पाटी कशी लागली?

तुम्हाला काळजी वाटली, हे मला कळतं. मी पूर्वीसारखा नाही, हेही कबूल. मोटार उचलणार नाही, जिन्यात दम घ्यायला थांबेन. पण कान शाबूत आहेत. कुठल्या पंपाचं बेअरिंग गेलंय, हे मी अजून दारातूनच सांगतो. विभागात नव्याने आलेल्या मुलींना ते शिकवायचं राहिलंय.

येताना ताईने बजावलंय, "गुच्छ घेऊन घरी यायचं नाही." म्हणून गुच्छ इथेच टेबलावर ठेवतो. शेजारी डॉक्टरीणबाईंचं पत्र. साहेब, आधी पत्र उघडा. सोमवारी आठला मी येतोय.

वेळात वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. न जाण्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.