उत्स्फूर्त खेळ : मंगळवारी, डब्यानंतर

…आणि सूचना मागवायच्या म्हणूनच तर बोलावलं होतं आम्हा बालवर्गाच्या शिक्षिकांना, बसलो सगळ्या मुलांच्याच खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या संचालिका, त्याही तशाच बसलेल्या, म्हणतात कशा, "वर्षाचा आराखडा तुम्हीच करायचाय, बोला, मोकळेपणानं बोला." आणि हातात आराखडा. तयार. लॅमिनेट केलेला. आता तुम्हाला सांगते, लॅमिनेट केलेल्या कागदावर सूचना लिहायची कशी? पेन घसरतं हो. मी म्हटलं, बरं.

माझं 'बरं' म्हणजे काय ते माझ्या नवऱ्याला विचारा, त्याला इतकी वर्षं तो होकार वाटतोय… असो.

तर वाचलं. एका चौकटीत काय, 'उत्स्फूर्त खेळ : मंगळवारी, डब्यानंतर.' म्हणजे बुधवारी कुणाला उत्स्फूर्त वाटलं तर त्यानं पुढच्या मंगळवारपर्यंत कळ काढायची. चार वर्षांच्या मुलानं. आणि डब्यानंतर मुलं करतात काय? पेंगतात. गेल्या वर्षीही ही चौकट होती, तेव्हा ऑफिसातून विचारणा, "उत्स्फूर्तता दिसली नाही, कारण कळवा." मी कळवलं, झोपली होती.

आणि खाली बारीक अक्षरात, वाळूचा हौद बुजवून तिथे अक्षर-कोपरा. इथे मात्र मी अडले, कारण ठकी. ठकी माझ्या वर्गातली, नाव वेगळंय, पण गाल असे की लाकडी ठकी बाहुलीच. रोज सकाळी बाप दाराशी सोडून गेला की भोंगा सुरू, ना खाऊ चालत, ना खेळणं. थेट हौदाकडे जायचं, एक बूट काढायचा, पाय वाळूत पुरायचा, की रडणं बंद, मग दिवसभर शहाणी. का, ते मला विचारू नका, मी नुसती बाई आहे, तज्ज्ञ नाही. तेवढं मात्र बोलले, "मॅडम, हौद राहू दे, एक मूल त्याच्याच जोरावर शाळेत टिकलंय." मॅडम म्हणाल्या, "छान सूचना. पण पालकांच्या गाड्यांत वाळू जाते." मी म्हटलं, बरं.

बुजवायच्या दिवशी मॅडम स्वतः हजर. ठकी आली, बघते तर हौदावर ताडपत्री. असा टाहो फोडला की ऑफिसातली माणसं फोन हातात धरून बाहेर. मॅडमनी गोष्ट सांगितली, फुगा दाखवला, शेवटी घामाघूम होऊन मला, "अहो, हिला हवंय तरी काय?" मी ताडपत्रीकडे बघितलं. सूचना तर देऊन झाली होती. मॅडमनीच ताडपत्री उचलली. ठकीनं आपला पाय पुरला, मग मॅडमची चप्पल ओढून काढली आणि त्यांचाही पुरला, वरून थोपटला. आणि मॅडम बसून राहिल्या. आत फोन वाजतोय, ह्या बसलेल्या.

हौद वाचला. म्हणजे आराखड्यात आला, 'स्पर्शानुभव : दर गुरुवारी.' आणि मला बढती, नियोजन समितीवर, वरचा मजला, खिडकीशी टेबल. मी म्हटलं, बरं. माझ्या वर्गावर नवीन बाई. तिला गुरुवारचं समजावलं, तर ती म्हणते, "आणि ठकी सोमवारी रडली तर?" मी म्हणाले, हो, मीच म्हणाले, "छान सूचना."

ती म्हणाली, "बरं."

सोमवारी खिडकीतून बघते तर हौदात ठकी, पाय पुरलेला, आणि शेजारी नवीन बाई, आमच्याकडे पाठ करून. तेवढ्यात मागे मॅडम. "आज गुरुवार आहे का हो?" मी म्हटलं, "नसावा." त्यांनी खाली बघितलं, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "बरं."

आता मला सांगा, खालची बरं म्हणते, वरची बरं म्हणते, मधे मी तर आहेच… मग हा आराखडा करतं तरी कोण? मला तर वाटतं, ते लॅमिनेशनचं मशीनच. पुढच्या वर्षाच्या सूचना शनिवारी मागवायच्यात. मशीन आजच गरम करायला ठेवलंय. मीच.