'आपले' म्हणजे कोणाचे?

अगं, तू नुसतं ऐक! धुळ्याच्या दवाखान्यात माझी मैत्रीण रुची बसली होती, तिच्या शेजारच्याच बाकावर चेलना मॅडम पारोळ्याच्या रेहानला प्रश्न विचारत होत्या. मनाच्या आजाराची नवी प्रश्नावली मराठीत नीट चालते का, ते त्यांना तपासायचं होतं.

"आपले विचार आपले नाहीत, असं वाटतं का?"

"आपले म्हणजे आपल्या दोघांचे?"

"नाही हो, तुमचेच! आदरानं 'आपले' लिहिलंय."

"मॅडम, माझं कुठलं न दुसऱ्याचं कुठलं, तेच तर मला उमगत नाही. त्यात तुम्ही आदर घालता! सरळ 'तुझे' म्हणा ना."

"शब्द बदलला तर तुमचं उत्तर धरता येणार नाही. सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचाय."

"मग सगळ्यांचं लिहा. माझं राहू द्या."

रेहान उठायलाच लागला. मॅडमचं पेन तसंच वर थांबलं. सांग, मॅडमच्या जागी तू काय केलं असतंस?