नायलॉनला गंगास्नान

...आणि वर मलाच विचारतो, "आजी, पाण्यात का घातलंस?" अहो, तुम्हीच सांगा, गंगेच्या पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय? काशीच्या रामघाटावर जन्म गेला माझा! पण नायलॉनचं होतं म्हणे. मग आधी सांगायला नको का?

तुम्हाला सांगते, माझा नातू सुश्रुत विद्यापीठात नायलॉन चिवट करतो. कोरडं नायलॉन हातोडा बसला की कट्कन तुटतं, म्हणून हा त्यात रबर घालतो, आणि रबराने नायलॉनला धरून राहावं म्हणून वर आणखी एक औषध! एवढे लाड तर मी पोरांचे केले नाहीत... तर असो. कारखान्याचे साहेब बघायला येणार, पसंत पडलं की नोकरी. याने पट्ट्या केल्या, काही साध्या, काही औषधाच्या, पाकिटात बंद केल्या आणि ठेवल्या कुठे? माझ्या देवघरात! का, तर तिथे कुणी हात लावत नाही. आणि स्वतः गेला आठवडाभर लखनौला.

आता बाहेरची वस्तू, कुणाकुणाचे हात लागलेले, देवांशेजारी तशीच ठेवू? पाकीट फोडलं, आतली दाण्यांची पुडी (ओल टिपायला होती म्हणे) फेकली, पट्ट्या गंगाजळाच्या घंगाळात सोडल्या. तो यायच्या दिवशी पुसून पुन्हा पाकिटात! हा आला, उचलल्या, पळाला. बघायला नको का?

साहेबांपुढे हातोडा पडला. औषधाची पट्टी तुटली नाही. वा! मग साधी ठेवली, ती तुटायला हवी, तर तीही तुटेना! नायलॉन पाणी पितं म्हणे, आणि प्यालं की आपलं आपण चिवट होतं! साहेब हसले, "तो भैया, आपका मसाला काहे डालें? पानी ही पिला दें!" पोराचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर म्हटलं, "अरे, न तुटणंच हवं होतं ना?" तर म्हणे, "वाळलं की पुन्हा ठिसूळ होतं, आजी!" आधी सांगायला नको का? सून, लतिका, तिकडून, "आई, आता तुम्ही काही बोलूच नका."

आज साहेब पुन्हा विद्यापीठात आलेत. नव्या पट्ट्या. सकाळपासून माझं दार-खिडकी, खिडकी-दार चाललंय, फोन नाही, निरोप नाही... निघताना हातावर दही घालायला गेले, तर हा पाकीट छातीशी धरून मागे सरला, "आजी, हात ओले आहेत तुझे! लांब हो, शिवू नकोस!"

मला! जन्मभर सोवळं नेसून या घराला 'शिवू नका' म्हणून ओरडले ती मी!

गेला तसाच. वाटी हातात, मी उंबऱ्यात. काय करणार... दही मीच खाल्लं.