हुक तुटलाच नव्हता

हॅलो?… हॅलो, ताई? अगं कुठे होतीस? सकाळपासून लावतेय… हो, माहितेय गं वॉर्डात फोन घेता येत नाही… नाही, नाही, घरी सगळं ठीक. हेही ठीक. ह्यांना काय धाड भरलीये!… अगं ऐक ना, तुझ्याकडे काम आहे. बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून… थांब, तोंडातल्या टाचण्या काढते.

हां, बोल. कपडेपटातच आहे. दार लावून घेतलंय.

मला सांग, आतड्याच्या पेशंटला पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावतात ना… हो, तीच. तिच्यावरून कमरेचा पट्टा गेला तर चालतो?… अजिबात नाही?… मग पट्टा वर घेते, बरगड्यांखाली. आणि पिशवी भरली की केवढी फुगते?… एवढी? मग तिथे कळ्या जोडून घेर वाढवायला हवा.

नाटकातला झगा आहे गं. राणीचा, मखमली. आत अस्तराला खिसा करावा म्हणतेय. म्हणजे पिशवीचा भार कापडावर येईल, कातडीवर नाही… बरोबर आहे ना? वाटलंच मला.

कोणासाठी म्हणजे?… आहे एक… मी? नाही गं, मला काही झालेलं नाही. शपथ… रडत नाहीये. सर्दी आहे… अगं खरंच माझं काही नाही, तू आता सुट्टी टाकून येऊ नकोस… बरं बाई, सांगते. पण तुझ्यापाशीच ठेव. मैना.

हो, तीच. ह्यांची मैना… ह्यांची म्हणजे, कंपनीची. आमच्या नाटक कंपनीची मुख्य गायिका. पण पियानोवर हे, त्यामुळे घरात उठता-बसता तिचंच नाव. ‘मैनाचा आज वरचा सूर कसा लागला ऐकलास?’ ‘मैनाला गार पाणी देऊ नका.’ परवा जेवताना मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तर हे टेबलावर ताल धरून बसलेले. पण तिने गाताना नेहमीच्या जागी श्वास घेतला नाही, तर ह्यांना आठवडाभर चैन नसतं.

…नाही गं, तसलं काही नाही. तसलं असतं तर बरं होतं, सरळ भांडता आलं असतं. दोघं साधा चहासुद्धा एकत्र पीत नाहीत. हे नुसतं तिचं ऐकतात, ताई. कान टवकारून. माझं तेवढं कोणी ऐकलंय का आजवर?… तू बहीण आहेस, तुझं धरत नाही.

हो, हो… येतेय त्यावर. गेल्या शनिवारचा दुपारचा प्रयोग. दुसऱ्या अंकात मैना विंगेत येते, मी तिला राणीचा झगा चढवते आणि ती परत जाऊन मोठं गाणं गाते. तर मी झगा घेऊन उभी, आणि ही नाहीच! मेकअप रूमकडे पळाली, दार बंद. इकडे रंगमंच रिकामा. आणि हे काय करतायत? तेच चार तुकडे पुन्हा पुन्हा वाजवतायत. दरवेळी थोडे वेगळे, म्हणजे लोकांना वाटावं, असंच बसवलंय. बोटांकडे लक्ष नाही, नजर विंगेत. ताई, त्या नजरेने माझी वाट कोणी पाहिली असती ना, तर मी…

…काही नाही. गेले मी तिला शोधायला. दार ठोठावलं. आतून म्हणाली, “वहिनी, तुम्ही एकट्याच आहात का?” आत गेले, तर फरशीवर बसलेली. पिशवी सुटून सगळा परकर भरलेला. म्हणाली, “त्यांना सांगू नका. कोणालाच सांगू नका.”

…केलं ना. काय करणार? ओल्या टॉवेलने पुसलं, दुसरी पिशवी तिच्या पर्समध्ये होती, ती कशी लावायची ते तिनेच सांगितलं. झग्याची कंबर मागून उसवली, वरून शाल टाचली. मी, ताई! मी स्वतःच्या हाताने शिवलेला झगा फाडला! ढकललंच तिला बाहेर. आणि मेली गायली काय! काय गायली! मी विंगेत, हाताला अजून वास, आणि तिकडे टाळ्या थांबेनात. मला इतका राग आला…

…कसला म्हणजे? मला तरी कुठे कळतंय.

हो ना, कोणालाच माहीत नव्हतं. मध्ये ती ‘विश्रांती’ घ्यायला गेली होती ना, तेव्हा ऑपरेशन झालं. आजार मात्र जुना. कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहायची तेव्हापासूनचा. डॉक्टर म्हणायचे, गॅस आहे, टेन्शन आहे. दर मोसमात मी तिची कंबर आत घ्यायची. पेपरात छापून यायचं, चवळीच्या शेंगेसारखी नायिका! आणि मी इथे टेप गळ्यात घालून जळायची. तिच्या कमरेवर जळायची, ताई! आणि तो रोग होता… मग खरा आजार कळला, त्याच्या गोळ्यांनी तोंड सुजलं, तर निर्मात्यांनी नायिकेचं काम काढून घेतलं. दासी केली, म्हातारी केली, पडद्यामागून गायली. कुरकुरली नाही. आता कुठे राणी मिळालीये. पुढच्या महिन्यात दौरा आहे, आणि निर्माते आधीच बोलून बसलेत, दौऱ्यावर धडधाकट माणसंच न्यायची म्हणून. कळलं असतं तर गेलंच असतं तिचं काम.

अगं ऐक ना, पुढे ऐक. प्रयोग संपल्यावर सगळे मला विचारायला लागले, काय झालं? मी म्हटलं, झग्याचा हुक तुटला.

…हो. मीच म्हटलं. माझ्या झग्याचा हुक! इतकी वर्षं शिवतेय, पोराटोरांनी उड्या मारल्या तरी माझा हुक कधी हलला नाही. आणि हे, आमचे हे, सगळ्यांसमोर काय म्हणाले असतील? “अगं, जरा लक्ष देऊन शिवत जा. बिचारीचा किती खोळंबा झाला!”

बिचारी!

…गिळलं. गिळलंच. वर निर्माते म्हणाले, दौऱ्याला बाहेरचा शिंपी नेऊ, तुम्ही आता दमलात. म्हणजे हे आणि ती गावोगावी, आणि मी इथे कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालत बसणार.

…कसं सांगणार खरं?… नाही, ऐक, तूही तेच म्हणतेस. तीही तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली इथे, डोळे सुजलेले. “वहिनी, माझ्यापायी तुमच्या कामाला बट्टा लागला. मी सगळ्यांना सांगून टाकते, जायचं ते काम जाऊ दे.” मी म्हटलं, खबरदार तोंड उघडलंस तर.

…चांगुलपणा? कसला चांगुलपणा, ताई! अगं ह्यांना हे कळलं ना, तर डोक्यावर घेऊन नाचतील तिला. एवढं सोसून गाते! मग घरात जेवताना तेच, झोपताना तेच. मला राहायलाच नको. आणि दुसरं म्हणजे… हसू नकोस. तिचा श्वास, तिची पट्टी, तिचं सगळं सगळं ह्यांना ठाऊक. ही एकच गोष्ट आहे, जी मला ठाऊक आहे आणि ह्यांना नाही. ती मी का देऊ?

…वाईट तर वाईट. तुझ्यापाशी नाही बोलणार तर कोणापाशी?

दौरा? जातेय ना मी! तीच तर गंमत. बाईसाहेब निर्मात्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, वहिनी नसतील तर मीही नाही. माझं माप त्यांनाच समजतं. झालं, मान्य केलं त्यांनी. आणि घरी आल्यावर हे मला काय म्हणतात माहितेय? “बघ, किती मोठं मन! तू तिचा एवढा खोळंबा केलास, तरी तुझ्यासाठी भांडली.”

…हो! अस्संच! शब्द न शब्द. हातातलं पातेलं डोक्यात घालणार होते… हसतेस काय! मीही हसले मग. काय करते? हे आ वासून बघत बसले माझ्याकडे.

थांब, दार वाजतंय… कोण आहे?… तीच. ठेवू नकोस, काही अडलं तर लगेच विचारता येईल… ये गं मैना, ये. दार लोटून घे… अहो, तुम्ही कुठे येताय?… पर्स द्या तिची इकडे, मी ठेवते… गाण्याची पट्टी उतरवलीत का? बरं. अर्ध्या सुराने? बरं… मला काय कळतंय त्यातलं! तुम्ही बाहेर थांबा… नाही म्हणजे नाही. फिटिंग चालू आहे… श्वासाला घट्ट होतोय झगा? मला माहितेय कुठे सैल करायचा ते. तुम्ही आम्हाला शिकवू नका.

…गेले. तोंड बघितलंस का गं मैना त्यांचं?

चल, हात वर कर. माझे हात गार आहेत, दचकू नकोस… इथे दुखतं?… आणि इथे?… लाजतेस काय, फोनवर माझी ताई आहे, नर्स आहे. कातडी लाल झालीये म्हणतेस तर तिला विचारते… ताई, कडेने लाल झालंय, काय लावू?… बरं… साबण नको, नुसतं पाणी. ऐकलंस गं?… पूर्ण कोरडं करून मगच. बरं.

…ताई, ठेवते आता… नाही गं, आता राग कसला?

…आहे. राग आहेच. पण आधी हिची कंबर होऊ दे.